रिपोर्ट नॉर्मल होते

दुसऱ्या लाटेत आमच्या घरात तिघांनाही कोविड झाला. तिघांत सगळ्यात कमी आजारी मी होते. बाबा अकरा दिवस दवाखान्यात ऑक्सिजनवर होते. आई घरीच होती, पण तिचा ताप आठ दिवस उतरला नाही. मला दोन दिवस कणकण आली आणि वास येणं बंद झालं, एवढंच. तिसऱ्या दिवसापासून मीच आईला पेज करून देत होते. शेजारच्या काकू कुंपणापलीकडून म्हणायच्या, "मयूरी, घरात तूच धडाची निघाली व."

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं मी आजारी राहिले. त्यातले पहिले दहा महिने ते कुणालाच पटलं नाही, मलासुद्धा नाही. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे. औषधांची नावं यात नाहीत. ती ज्याची त्याला वेगळी लागतात.

आम्ही वर्ध्याजवळच्या आंजी मोठी गावचे. बाबा गावातल्याच शाळेत खेळाचे शिक्षक आहेत. थोडी शेती आहे, ती आई मजूर लावून सांभाळते. बाबांनी शाळेत मुलींचा खो-खोचा संघ तयार केला होता आणि सहावीपासून मी त्यात होते. खांबावर सूर मारायला बाबांनी मला घरामागच्या मातीत शिकवलं. कोपरं कायम सोललेली असायची. बाबांचा एक नियम होता. जी मुलगी "दमली" म्हणेल तिने दोन चकरा जास्त मारायच्या. त्यांची मुलगी म्हणून मला तीन.

शाळा सुरू झाल्यावर

शाळा उघडेपर्यंत काही कळलं नाही, कारण घरात बसूनच होतो. नववीचे वर्ग सुरू झाले आणि रोज सकाळी तयार व्हायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की आंघोळ झाली की मला पलंगावर बसावं लागतं. मग वेणी घालताना हात वर धरवेनात. प्रार्थनेला उभं राहिलं की छातीत धडधडायचं आणि डोळ्यांपुढे काळं यायचं. मी पुढच्या मुलीच्या खांद्याला हात लावून उभी राहायची.

वाचनाचं त्याहून विचित्र झालं. ओळ वाचायची, पुढच्या ओळीवर जायचं, तोवर आधीची गेलेली. इतिहासाच्या बाईंनी एकदा प्रश्न विचारला. मी उभी राहिले आणि प्रश्नच विसरले. वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "लक्ष कुठं आहे?" मलाही तेच कळत नव्हतं.

वास परत आला, पण चुकीचा. कांद्याची फोडणी पडली की जळलेल्या रबराचा वास यायचा. दात घासतानाची पेस्ट नाल्यासारखी लागायची. मी भात आणि दही एवढंच खाऊ लागले. आईला वाटलं, खात नाही म्हणून अशक्तपणा आहे. बाबांना वाटलं, बसून बसून अंग जड झालंय.

गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, लोहाच्या गोळ्या दिल्या. वर्ध्याला नेऊन छातीचा फोटो काढला, हृदयाची पट्टी काढली. सगळं नॉर्मल. प्रत्येक रिपोर्ट आला की आई सुटकेचा श्वास टाकायची. मला मात्र प्रत्येक वेळी वाटायचं, आपला आणखी एक साक्षीदार फिरला.

पाच चकरा

दिवाळीनंतर एका सकाळी बाबांनी मला उठवलं. "चाल, मैदानावर. घाम निघाला का सगळं ठीक होते."

"बाबा, नाही होत माझ्याच्यानं."

"मी ऑक्सिजनवर होतो, मयूरी. एका महिन्यात मैदानावर उभा राह्यलो. तुले तं काहीच झालं नव्हतं."

ते खरंच होतं. त्यांना माझ्यापेक्षा दसपट जास्त झालं होतं आणि ते बरे झाले होते.

बाबांनी सांगितलेल्या पाच चकरांपैकी तीन मी मारल्या. दम लागला, पण नवलाची गोष्ट म्हणजे त्या दिवशी मला बरं वाटलं. मी जेवले. बाबांनी आईला सांगितलं, "पाह्य, म्हटलं होतं ना मी." आई हसली. घरात कितीतरी दिवसांनी असं हसू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला पांघरूण बाजूला सारता आलं नाही. अतिशयोक्ती करत नाही. हात पांघरुणापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. पुढचे बारा दिवस आई मला धरून संडासला नेत होती. उजेड डोळ्यांना टोचायचा. कुणी मोठ्यानं बोललं तरी डोकं भणभणायचं.

बाबा दाराशी यायचे, पाहायचे, जायचे. त्यांच्या हिशेबात हे बसत नव्हतं. आदल्या दिवशी पळालेली मुलगी दुसऱ्या दिवशी झोपून कशी राहते? पाचव्या दिवशी ते आईला म्हणाले, "पळायचं नाई म्हणून करून राह्यली ते." त्यांना वाटलं मी झोपले आहे.

मी नाटक करते आहे का, हा विचार मीही केला. एक दिवस ठरवलं की नाटकच असेल तर बंद करू. उठून बसले, पाय खाली सोडले, उभी राहिले. आईनं मला जमिनीवरून उचललं.

फेब्रुवारीत दुसऱ्यांदा तसंच झालं. तेव्हा मी थोडी सावरले होते आणि मैदानावर नुसती बसायला गेले होते. बाबा म्हणाले, एकदा खांबापर्यंत धाव, बाकी काही नको. मी धावले आणि खांबाच्या अलीकडेच पडले. मुलींना वाटलं सूर मारला. दोघी हसल्या. मी उठत नाही म्हटल्यावर एक जवळ आली आणि दुसरीला म्हणाली, "सरची पोट्टी आहे म्हणून चालते. आपण पडलो असतो तं चकरा मारायले लावल्या असत्या."

ती चुकीचं बोलली नाही. बाबांनी ते ऐकलं. त्यांनी मला उचललं आणि मोटरसायकलवर मध्ये बसवून घरी आणलं. मागे ती मुलगीच मला धरून बसली होती. दुसऱ्या दिवशी आई बाबांना न विचारता मला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. बाबा मागून आले.

वॉर्डातले पाच दिवस

मला लहान मुलांच्या वॉर्डात ठेवलं. पलंग लहान होता, पाय बाहेर यायचे. सकाळी सहाला सिस्टर ताप बघायची, सातला चहा आणि दोन बिस्किटं, नऊला डॉक्टरांची फेरी. फेरीत सात-आठ शिकाऊ डॉक्टर असायचे. रोज त्यातला एक माझी सगळी कथा पहिल्यापासून विचारायचा. तिसऱ्या दिवशी मला माझी कथा पाठ झाली. बाकी काहीच पाठ होत नव्हतं, म्हणून मला त्याचंही बरं वाटलं.

शेजारच्या पलंगावर रेश्मा होती. समुद्रपूरकडची, माझ्याहून वर्षानं मोठी. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. हातापायांच्या हाडांत कळा आल्या की तिला भरती करायचे, आणि हे ती पाच वर्षांची असल्यापासून चाललं होतं. वॉर्डातल्या सगळ्या मावशा तिला नावानं ओळखायच्या. कळ आली की ती भिंतीकडे तोंड करून पडायची. कळ गेली की उठून माझ्या पलंगावर यायची.

"तुले काय झालं?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"माहीत नाही. रिपोर्ट नॉर्मल आहेत."

तिनं उशीखालून एक लाल कार्ड काढून दाखवलं. सिकलसेलच्या रुग्णांना मिळतं ते. "हे पाह्य. माझ्याजवळ हे आहे. शाळेत दाखवलं का कोणी काई बोलत नाई. तुयाजवळ कार्ड नाई, म्हणून तुले खोटं समजते."

"मग मी काय करू?"

"दुखते तं दुखते म्हण. दमली तं दमली म्हण. रोज सांग. त्याईले कटाळा आला तरी सांग."

हे ती अगदी साध्या आवाजात बोलली, बसचं वेळापत्रक सांगावं तसं. पुढे मला अनेकांनी सल्ले दिले. गुळवेल, प्राणायाम, दृष्ट काढणं, एका आत्यानं तर चष्म्याचा नंबर तपासायला सांगितलं. कामाचा सल्ला रेश्माचाच निघाला.

चौथ्या दिवशी मोठ्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी शिकाऊ मुलांना बाजूला केलं आणि बाबांना पलंगाजवळ बोलावलं. मला दहा मिनिटं झोपवून नाडी मोजली. मग भिंतीला न टेकता उभं केलं. स्वतः मनगट धरून उभ्या राहिल्या आणि घड्याळ बाबांच्या हातात दिलं. "सर, दर मिनिटाला सांगा."

बाबांना हे जमणारं काम होतं. स्टॉपवॉच घेऊन ते आयुष्यभर मैदानावर उभे आहेत. ते "एक" म्हणाले, "दोन" म्हणाले. बाई प्रत्येक वेळी आकडा बोलायच्या. झोपलेली असताना अठ्ठ्याहत्तर होता. तिसऱ्या मिनिटाला एकशे बारा. सहाव्याला एकशे सव्वीस. माझी पावलं जांभळी पडली होती. आठव्या मिनिटाला बाबा आकडा न मागताच म्हणाले, "बसवा तिले."

बाईंनी मला बसवलं. "सर, ही नुसती उभी आहे आणि हिचं हृदय पळतंय. तुम्ही हिला पळवलंत तेव्हा काय झालं असेल ते बघा. कोविडनंतर काही मुलांना असं होतं. पहिला आजार अगदी साधा असला तरी होतं. मुलगी खोटं बोलत नाही."

"बरी होईन का?" हे मी विचारलं.

"बहुतेक मुलं होतात. किती दिवसांत, ते मला माहीत नाही. माहीत आहे असं कुणी म्हणालं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस."

त्या क्षणी मला आनंद झाला. तू आजारी आहेस हे ऐकून झालेला आनंद. त्याची मला बरेच दिवस लाज वाटत होती. आता वाटत नाही.

बाबा चहा आणायला म्हणून खाली गेले. तासाभरानं आले, चहा न आणताच.

घरी

डॉक्टरबाईंनी सांगितलेला नियम सोपा होता आणि पाळायला फार अवघड होता. थकल्यावर झोपायचं नाही, थकायच्या आधी झोपायचं. जेवढं झेपेल असं वाटतं त्याच्या निम्मंच करायचं. पाणी आणि मीठ जास्त. बरं वाटलं त्या दिवशी सगळ्यात जास्त जपायचं, कारण त्याच दिवशी माणूस चुकतो.

मी एक वही केली. सकाळी केस विंचरले की लिहायचं. वीस मिनिटं बसले, लिहायचं. दुसऱ्या दिवशी कसं वाटलं, तेही लिहायचं. दोन महिन्यांनी वहीतून कळलं की बोलण्यानंही मी दमते, आणि पाहुणे येऊन गेले की तिसऱ्या दिवशी मी पडते. आईनं मग पाहुण्यांना ओसरीतूनच परत पाठवायला सुरुवात केली. त्यावरून दोन घरांशी आमचं बोलणं बंद झालं.

घरातलं वातावरण बरं नव्हतं, हे लिहायला हवं. आई एरवी शांत आहे, पण त्या उन्हाळ्यात ती बाबांना एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवायची. "तुमीच पळवलं तिले." बाबा उठून मैदानावर जायचे, सुट्टी असली तरी. मी मध्ये पडायला गेले असते, पण भांडण सोडवण्याइतकी ताकद माझ्यात नव्हती. मी दार लावून घ्यायची.

आईनं गिरडच्या दर्ग्याला नवस बोलला होता. मला टेकडी चढता येणार नव्हती, म्हणून ती एकटीच बसनं गेली. माझ्या नावानं एकदा वर जाऊन आली, खाली उतरली, आणि पुन्हा चढली. दुसरी खेप कुणासाठी, ते तिनं सांगितलं नाही. मला वाटतं बाबांसाठी असावी.

बाबांनी काय केलं, तर खुर्च्या आणल्या. आधी न्हाणीघरात एक प्लास्टिकची खुर्ची आली. मग ओट्याजवळ एक, अंगणातल्या दोरीखाली एक, फाटकाशी एक. घरात कुठेही गेलं की चार पावलांवर बसायला जागा. मी खुर्चीवर बसून आंघोळ करू लागले आणि त्या महिन्यात पहिल्यांदा आंघोळीनंतर पलंगावर पडले नाही.

नववीची परीक्षा मी देऊ शकले नाही. हजेरीही नव्हती. पुन्हा नववीत बसवायचं, हे मुख्याध्यापकांना बाबांनीच सांगितलं. शिक्षकाच्या मुलीचं वर्ष गेलं, यावर शिक्षकांच्या खोलीत काय बोलणं झालं असेल ते मला माहीत नाही. माझ्या मैत्रिणी दहावीत गेल्या. त्या वर्षी आमचा संघ जिल्ह्यात जिंकून विभागाला खेळायला गेला. जीप आमच्या घरावरून गेली. मुलींनी हात हलवले, मी फाटकाशी खुर्चीवर बसून हात हलवला. मला रडू आलं नाही. रडलं की दुसरा दिवस डोकेदुखीत जायचा, म्हणून रडणं पुढे ढकलायला मी शिकले होते.

उतार

बरं वाटणं एका दिवशी आलं नाही. पावसाळ्याच्या शेवटी एका दुपारी आई चटणीसाठी जवस भाजत होती. मी आत पडले होते. वास आला, आणि तो जवसाचाच होता. उठून स्वयंपाकघरात गेले, कढईजवळ उभी राहिले. आई म्हणाली, "जवळ नको येऊ, मळमळते तुले." मी म्हटलं, "नाही मळमळत." तिनं चमच्यावर चार दाणे घेऊन फुंकर मारली आणि माझ्या हातावर ठेवले. ते मी एकेक करून खाल्ले. फोडणीचा वास सुधारायला आणखी पाच महिने गेले.

दुसऱ्या नववीत मी अर्धा दिवस शाळेत जाऊ लागले. चार आठवडे जायचं, एक आठवडा पडायचं. दहावीत तो आठवडा दोन महिन्यांनी येऊ लागला. एक धडा एका बैठकीत वाचून झाला तेव्हा मी वहीत तारीख घातली आणि खाली रेघ मारली. दहावी पास झाले. गुण सांगण्यासारखे नाहीत, पण माझे आहेत.

ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी एवढं करावं. त्याला "आज बरं वाटतं का?" असं रोज विचारू नये. नाही म्हणताना त्याला तुमचं वाईट वाटतं, आणि मग ते खोटं सांगतं. मी कितीदा सांगितलं आहे. त्यापेक्षा "आज काय नको?" असं विचारावं. आणि रिपोर्ट नॉर्मल आले तर मुलाकडे पुन्हा एकदा बघावं.

आता

दहावीनंतर शाळेचा दाखला आणायला गेले होते. कारकून जेवायला गेला होता, म्हणून खेळाच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले. आत बाबा होते आणि एक पालक. आवाज बाहेर येत होता. ते गृहस्थ म्हणाले, "सर, पोट्टीले टायफाइड झाला होता. दोन महिने झाले, अजून दमली दमलीच करते. आळशी झाली. तुमी जरा पळवा तिले."

"डॉक्टरले दाखवलं?"

"दाखवलं. रिपोर्ट नॉर्मल आहे."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"माझ्या पोरीचे बी नॉर्मल होते," बाबा म्हणाले. "मी पळवलं तिले. दोनदा. तिचं वर्ष गेलं. ती सांगत होती मले, मी ऐकलं नाई. तुमी घरी जा अन् तिले झोपू द्या."

मी दाखला न घेता घरी आले. दुसऱ्या दिवशी परत जाऊन आणला. मी ऐकलं हे बाबांना मी सांगितलं नाही, आणि त्यांनीही मला कधी ते वेगळं म्हणून दाखवलं नाही.

आता मी वर्ध्याला कॉलेजात शिकते. आंजीहून रोज बसनं येणं-जाणं झेपत नाही, म्हणून स्टेशनजवळ एक खोली घेतली आहे. जिना चढते, मध्ये एकदा थांबते. खो-खो खेळत नाही. सायकल सपाट रस्त्यावर चालवते. वर्षातून दोन-तीनदा पडते, चार दिवसांत उठते. डॉक्टरबाई याला बरं झालं म्हणतात. मीही म्हणते.

गेल्या महिन्यात मी शनिवारी घरी यायचं कबूल केलं होतं. शुक्रवारी बाबांचा फोन आला.

"उद्या कोणत्या बसनं येतं?"

मी म्हटलं, "बाबा, नाही येत. दमले आहे."

पूर्वी मी याच्यापुढे परीक्षा, ताप, पाऊस असं काहीतरी जोडलं असतं. या वेळी काही जोडलं नाही.

"बरं," बाबा म्हणाले. "मंग मीच येतो. झोपून राह्यजो, दार उघडायले धावू नको."

शनिवारी अकरा वाजता ते आले. आईनं दिलेला डबा टेबलावर ठेवला, खिडकीशी खुर्ची ओढली आणि पेपर उघडला. मी कुशीवर वळून पुन्हा झोपले.